मॅसी १०३५ : मागून ऑइल गळतंय, मिस्त्री म्हणतो ट्रॅक्टर फोडावा लागेल

सांवेर_रोड | १८ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बाबांनी ९६ साली घेतलेला मॅसी १०३५ आहे आमच्याकडे, तीन सिलिंडर, सिम्प्सनचं इंजिन. आम्ही राहतो इंदूरला, सुदामानगरात, शेत सांवेरच्या पुढे. शनिवार-रविवार मी जातो, बाकी दिवस बटाईवाला बघतो. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की गव्हाची पेरणी, आणि नेमकं आत्ताच गाडीने तेल टाकायला सुरुवात केलीय. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, क्लच हाउसिंगच्या बुडाशी, रोज सकाळी पोळीएवढा काळा डाग. खाली एक पुठ्ठा टाकून ठेवला होता तो आठवड्यात असा चिंब झाला की उचलला तर हातात तुकडा आला.

गावातला मिस्त्री आला, खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं, वास पण नाही घेतला आणि म्हणाला, 'भैया, पीछे का सील गया, दो टुकड़े करना पड़ेंगे.' मजुरी, क्रँकच्या मागच्या टोकाचं सील, आणि उघडलंच आहे तर क्लच प्लेट पण, असे साडेअकरा हजार आणि चार दिवस. पैशाचं एक वेळ बघता येईल पण पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर फोडून ठेवायचा म्हणजे पोटात गोळा येतो. खरंच सीलच गेलंय हे न फोडता कसं कळणार? कुणी हे केलं असेल तर सांगा.

पाना_१७ | १८ ऑक्टोबर, रात्री १०.३५

मी तीस वर्षं हेच केलं भाऊ, देवास नाक्याला, आता गुडघ्यांमुळे बंद आहे. मिस्त्री चूकच असेल असं नाही, पण बोट फिरवून निदान होत नसतं. तेल गळतं वरून आणि दिसतं खाली. वरच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग मागच्या कोपऱ्यात गेलं तर तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत हाउसिंगवर येतं आणि खाली थेंब सीलच्या नावाने पडतो. पुढून टायमिंग कव्हर गळत असेल तर पंखा ते सगळं मागे उडवतो, अख्खी बाजू तेलकट होते आणि लोक मागचं सील बदलून बसतात.

आता हे सांगा. एक, डाग काळा आणि पातळ की दाट मधासारखा? गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी थेंब त्याच जागी पडतो, पण ते गिअरचं नव्वद नंबरचं तेल, त्याला कुजका गंधकी वास असतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही. दोन, गाडी चालू असताना जास्त की रात्री उभी असताना? तीन, रोज किती तेल टाकावं लागतं? चार, चालू इंजिनवर तेल भरायचं झाकण उघडलं तर धूर कसा येतो, उदबत्तीसारखा की चुलीसारखा?

मी_अनुभवी | १८ ऑक्टोबर, रात्री ११.०२

एवढं कशाला. बाजारात लीक बंद करायची बाटली मिळते, ऑइलमध्ये टाका, दोन दिवसात सील फुगतं आणि विषय संपला. आमच्या गाडीला तेच केलं.

पाना_१७ | १८ ऑक्टोबर, रात्री ११.१०

तुमच्या गाडीला रबरी सील असेल. ह्या जुन्या पर्किन्स घराण्याच्या इंजिनांना मागे बऱ्याचदा ग्रॅफाइट लावलेली दोरी असते, दोन अर्ध्या कड्यांच्या खाचेत बसवलेली. दोरी काय फुगणार? आणि आत कुठे पॅकिंगचा तुकडा तुटला असेल तर तुमची बाटली त्याला जोडणार आहे का? पैसे द्यायचेच असतील तर ५६ दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन शिकंजी प्या.

सांवेर_रोड | १९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

काका, बटाईवाल्याला फोन करून विचारलं. तेल काळं आणि पातळ, वास इंजिनच्याच तेलाचा. रात्री उभी असताना पण गळतं, चालू असताना जास्त. झाकण उघडलं तर चुलीसारखा नाही, पण भकभक येतो, झाकण नुसतं ठेवलं तर उडतं म्हणे. आणि तेल टाकायचं म्हणाल तर तो म्हणतो महिनाभरात टाकलंच नाही, तेल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर अर्धा बोट आहे, मागच्या सर्व्हिसला जास्त भरलं गेलं असेल.

लष्करवाला | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

ग्वाल्हेरहून नमस्कार. माझ्याकडे एचएमटी २५११ आहे, झेटरचा अवतार, दोन सिलिंडर, पिंजोरचा. तुमचं नशीब थोर की मॅसीचं पॅकिंग कुठल्याही तालुक्याला मिळतं. आमचा कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, तेव्हापासून एका वॉशरसाठी पंजाबपर्यंत फोन करावे लागतात. गळतीबद्दल विचाराल तर आमच्याकडे घरात म्हणतात की गळणं थांबलं तर समजायचं तेल संपलं. उपयोगाचं काही सांगितलं नाही, माफ करा, धागा वाचतोय.

पाना_१७ | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

झाकण उडतं म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनच्या बुडाशी तेल असतं तिथे, दाब साठतोय. दोन कारणं. पिस्टनच्या रिंगा-लायनर झिजून जळका वायू खाली येतोय, किंवा वायू नेहमीएवढाच आहे पण बाहेर जायची वाट बंद आहे. ती वाट म्हणजे ब्रीदर, कव्हरपासून खाली येणारा पाइप, त्याचं तोंड जमिनीकडे उघडं असतं. तो बुजला की दाब जिथे कच्चं सापडेल तिथून तेल ढकलतो, चांगलं सीलही गळायला लागतं. सील बदलाल, महिन्याने परत गळेल, मग मिस्त्रीला शिव्या द्याल.

रविवारी जाल तेव्हा हे करा. गाडी थंड असताना डिझेल आणि ब्रशने टॅपेट कव्हरपासून चेंबरच्या नटापर्यंत सगळी बाजू धुवा, विडी लांब ठेवा. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. गरम इंजिनवर आणि डिझेल पंपावर पाण्याचा फवारा मारायचा नाही, ते इंजिनही तुमचंच आहे. पूर्ण वाळलं की सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर उडवा, भिंतीला चुना मारल्यासारखं पांढरं झालं पाहिजे. मग सुरू करून दहा मिनिटं जागेवर, नंतर अर्धा तास शेतात ओझ्यावर. बंद केल्यावर टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात उंचावर जिथे पावडर ओली तिथे गळतं, त्याच्या खालचं सगळं नुसतं ओघळ.

आणि ब्रीदरमध्ये तार घाला.

सांवेर_रोड | २० ऑक्टोबर, रात्री ८.४५

झालं. सकाळी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या जागरणाची झोप डोळ्यावर, पोहे बांधून घेतले आणि नऊला शेतावर. बायकोची पावडर नेली होती, नवा डबा, ती म्हणाली ट्रॅक्टरला तीट पण लावा. धुण्यातच अकरा वाजले कारण वर्षानुवर्षांचा माती आणि तेलाचा थर, काळी माती आमची, तेलात मुरली की डांबर होते, पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढावी लागली. खालून निळा रंग दिसला, मी म्हटलं अरे हा तर माझ्या शाळेच्या दिवसांतला रंग.

आता ब्रीदर. पाइपात तार घातली तर चार बोटांवर अडकली. पाइप काढला, उलटा करून ठोकला, काही नाही. पाना आत घालून फिरवला तर मातीचं ढेकूळ बाहेर आलं, वाळलेलं, आत कप्पे, कप्प्यात वाळक्या कोळ्यांची पायं. कुंभारीण माशीचं घर! पावसाळ्यात गाडी शेडमध्ये उभी होती दोन महिने, बाईसाहेबांनी बंगला बांधला. बटाईवाला हसून हसून खाली बसला.

पाइप साफ करून लावला, सुरू केलं, झाकण नुसतं ठेवलं तर उडालं नाही. धूर थोडाच, काका म्हणाले तसा उदबत्तीवाला.

मग पावडरवाली परीक्षा. टॅपेट कव्हरचा मागचा डावा कोपरा ओला, बरोबर तुम्ही म्हणालात तिथे. कव्हर काढलं तर कॉर्कचं पॅकिंग बिस्किटासारखं मोडलं, आणि कोणीतरी नट एवढे आवळलेले की पत्रा भोकापाशी खाली दबलेला. लाकडावर ठेवून हातोडीने हळूहळू सपाट केला, गाडीच्या डब्यात एक जुनं पण न वापरलेलं पॅकिंग होतं ते शेलॅक लावून बसवलं, नट हातानेच आणि वर पाव फेरी.

पण संध्याकाळी निघताना बघितलं तर खाली हाउसिंगच्या भोकातून थेंब चालूच. आधी पोळी, आता पुरी म्हणा. म्हणजे सील पण गेलंच आहे ना?

मी_अनुभवी | २० ऑक्टोबर, रात्री ९.१५

बाटली.

बडोद्याची_मावशी | २० ऑक्टोबर, रात्री १०.२०

मी एरवी इथे वाचते फक्त. सासऱ्यांचं शेत पादऱ्याजवळ, ते गेल्यापासून ट्रॅक्टरचं सगळं माझ्याकडे, डिझेलच्या वहीपासून ग्रीस मारण्यापर्यंत. एक गोष्ट मला टोचतेय, कुणी बोललं नाही म्हणून बोलते.

तेल महिनाभर रोज पोळीएवढं गळतंय आणि पट्टीवर खुणेच्या वर? घरातून रोज पीठ जातंय आणि डबा भरत चाललाय, असं कधी होतं का? कुठून तरी काहीतरी आत येतंय. पाणी आलं तर तेल ताकासारखं पांढरं होतं, तुमचं काळं आणि पातळ आहे. मग डिझेलच. आमच्याकडे हेच झालं होतं आणि आम्हाला कळेपर्यंत बेअरिंग गेलं होतं.

पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्रावर टाका, छापलेल्या नाही, कडेच्या कोऱ्या जागेवर. तासभर ठेवा. मधे काळा ठिपका आणि त्याच्याबाहेर फिकट तेलकट कडं लांब पसरलं तर डिझेल आहे. शेजारी नव्या तेलाचा एक थेंब टाका म्हणजे तुलना होईल. आणि पट्टी नाकाशी न्या, मिस्त्रीने नेली नाही ती.

पाना_१७ | २० ऑक्टोबर, रात्री १०.४१

मावशी, तुमच्या हाताला साष्टांग. मी १९ तारखेला ते वाचलं आणि 'जास्त भरलं असेल' यावर विश्वास ठेवून पुढे गेलो. तीस वर्षांचा मेकॅनिक म्हणे.

सांवेरवाले भाऊ, उद्या कुणालाही गाडी सुरू करू देऊ नका. डिझेल मिसळलेलं तेल बेअरिंगवर टिकत नाही, आणि चेंबर फारच भरलं तर इंजिन तेच तेल ओढून पळत सुटतं, मग स्टॉपची दांडी ओढली तरी थांबत नाही. टाकीचा कॉक आत्ता बंद करायला सांगा. तुमची टाकी इंजिनच्या वर आहे, गाडी उभी असताना पण डिझेल आपल्या वजनाने उतरत राहतं.

सांवेर_रोड | २१ ऑक्टोबर, दुपारी १.३०

अर्धी सुट्टी टाकून आलो. कागदाचा फोटो लावलाय. नव्या तेलाचा थेंब रुपयाएवढा होऊन थांबला, आमचा थेंब बशीएवढा झाला आणि अजून सरकतोय. वास घेतला, सरळ डिझेल पंपावर उभा असल्यासारखा. मावशी, मी पण एवढे दिवस पट्टी बघून पुसून परत घालत होतो.

आता डिझेल येतंय कुठून?

पाना_१७ | २१ ऑक्टोबर, दुपारी २.०५

ब्लॉकच्या बाजूला बसलेला छोटा फीड पंप आहे ना, ज्याला हाताने हलवायची चिमुकली दांडी असते? त्याच्या पोटात रबरी कापडाचा पडदा असतो, डायफ्राम. कॅमशाफ्ट त्याची लिव्हर ढकलते, पडदा खालीवर होतो आणि टाकीतून डिझेल ओढून पुढे देतो. पडदा फाटला की डिझेल लिव्हरच्या वाटेने थेट चेंबरमध्ये. ज्यांच्या गाडीला फीड पंप वेगळा नसून डिझेल पंपाच्याच अंगावर आहे त्यांचं प्रकरण वेगळं, त्यांनी हे वाचून पाने काढू नयेत.

पंप ब्लॉकवरून सोडवा, पाइप लागलेलेच ठेवा. कॉक उघडून हाताची दांडी मारा. लिव्हरच्या बाजूने डिझेल टपकलं तर चोर सापडला.

सांवेर_रोड | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

टपकलं नाही, धार लागली.

बडोद्याची_मावशी | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५

किट आणताना जुना पंप सोबत न्या. मापाच्या वह्या दुकानदार बघत नाहीत.

सांवेर_रोड | २३ ऑक्टोबर, रात्री १०.१०

मावशीचं ऐकलं, बरं झालं. सियागंजात पहिल्या दुकानात दिलेला पडदा दोन भोकांनी चुकत होता, तिसऱ्या दुकानात एका म्हाताऱ्या सेठने चष्मा कपाळावर सरकवून जुना पडदा उजेडात धरला, म्हणाला 'भिया, ये तो छलनी हो गया', आणि मागच्या फडताळातून बरोबर तोच काढून दिला. पडदा, दोन व्हॉल्व्ह, स्प्रिंग, पॅकिंग, सगळं मिळून ४२० रुपये. साडेअकरा हजारांच्या शेजारी हा आकडा लिहिताना मजा येतेय.

जुना पडदा इथे सांगण्यासारखा आहे. मधल्या चकतीच्या कडेने अर्धचंद्रासारखी चीर, नखाएवढी, सरळ धरला तर दिसतच नाही, बोटाने वाकवला की तोंड उघडते. एवढ्याशा चिरेने चेंबर भरलं.

बसवताना काकांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या त्या लिहून ठेवतो. वरचं झाकण आणि खालचं अंग वेगळं करायच्या आधी कानशीने दोन्हींवर एक रेघ मारायची, नाहीतर पाइपांची तोंडं भलतीकडे होतात. आणि स्क्रू आवळताना लिव्हर दाबून धरायची, म्हणजे पडदा ताणून बसत नाही, ताणलेला बसला की महिन्यात परत फाटतो. पंप ब्लॉकवर चढवताना जोर लागत होता, म्हणजे कॅमचा उंचवटा नेमका लिव्हरवर होता, इंजिन हाताने थोडं फिरवलं तर लोण्यासारखा बसला.

तेल काढलं ते पाण्यासारखं धो धो पडलं. पातेलं भरून वाहिलं, दुसरं आणेपर्यंत बटाईवाल्याने बोटाने भोक धरून ठेवलं. फिल्टर नवा, तेल नवं, १५ डब्ल्यू ४०. डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, दोन ठिकाणी, तिसऱ्या झटक्याला सुरू.

पाना_१७ | २३ ऑक्टोबर, रात्री १०.४०

शाब्बास. पन्नास तासांनी हे तेलही एकदा बदला, कोपऱ्याकापऱ्यात डिझेल राहतंच. आणि पट्टीवर खूण करून रोज बघा, वर जाते की खाली.

लष्करवाला | २४ ऑक्टोबर, सकाळी ७.५५

आणि मागचं सील? त्याचं काय झालं? मला शेवट कळल्याशिवाय चहा जाणार नाही.

सांवेर_रोड | ३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

उशीर झाला, दिवाळी होती. दहा दिवसांचा हिशोब देतो. पेरणीच्या आधीची वखरणी झाली, साधारण वीस तास. पट्टीवर पातळी जिथल्या तिथे. हाउसिंगच्या भोकातून रात्रभरात चार थेंब, कधी पाच. पुठ्ठ्यावर रोजची तारीख घालून गोल करतोय.

मिस्त्री परवा आलेला. पुठ्ठा दाखवला. म्हणाला, 'चार बूँद भी तो सील से ही आ रही है ना?' आता ह्याला काय उत्तर देऊ? खरं तर त्याचं पण बरोबर आहे.

पाना_१७ | ३ नोव्हेंबर, रात्री १०.००

बरोबरच आहे त्याचं. दोरी जुनी झालीय, थोडी पाझरणार. पण चार थेंबांसाठी पेरणी सोडून कोणी ट्रॅक्टर फोडत नाही. आपल्या गाड्यांना चासी नसते, इंजिन हाच सांगाडा, त्यामुळे सीलपर्यंत पोचायचं तर गाडी मधून दोन करावी लागते, पुढच्या अक्सलला दोन्हीकडून लाकडी पाचरी मारून, नाहीतर इंजिन कलंडतं आणि माणूस जातो. हे काम उन्हाळ्यात, गहू निघाल्यावर, सावलीत, घाई नसताना.

तोपर्यंत एकच बघा. हाउसिंगच्या खालच्या भोकात एक कॉटर पिन लोंबकळत असते, ती हलती राहिली पाहिजे. लोक गळती दिसू नये म्हणून त्या भोकात बूच मारतात, मग तेल आत साठतं आणि क्लच प्लेट तेलात बुडून घसरायला लागते. गळू द्या चार थेंब, दिसतात तरी.

उन्हाळ्यात करताना मिस्त्रीला दोरी बसवताना बघा. आधी दोन्ही टोकं खाचेत बसवायची, सांध्याच्या बाहेर पाव ते अर्धा मिलिमीटर राहतील अशी, मग उरलेली खाचेत दाबायची, शेवटी गोल दांडीने लाटायची पोळीसारखी. जो मधून सुरू करून वर आलेलं टोक ब्लेडने कापतो त्याच्याकडून करून घेऊ नका, ती दोरी सांध्यातच गळते.

बडोद्याची_मावशी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.२५

आणि त्याच वेळी क्रँकचा दोरी घासते तो भाग बोटाने चाचपा. खाच लागली तर नवी दोरीही टिकत नाही. आमच्याकडे मिस्त्री म्हणाला होता चालेल, नाही चाललं.

मी_अनुभवी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.३१

मावशी, आमच्या गाडीत बाटली टाकली होती ती परत गळतेय. पातळी पण वर दिसतेय. कागदाची परीक्षा एकदा परत सांगाल का?